बांध सरकवण्याचे नियम

माझ्या 'पाटी'ला आता कप्पे पडायला लागलेत. उभे पडतात, आडवे पडतात, कप्प्यात कप्पा पडतो आणि दोन कप्प्यांच्या मधली रेघ हवी तशी इकडे-तिकडे सरकवता येते. ज्यांना यातलं कळतं ते म्हणतील, यात काय विशेष, ही सोय तर कितीतरी वर्षांपासून आहे. ज्यांना यातलं कळत नाही (म्हणजे आमची समस्त भावकी, जी मी घरातलं काय काय बाहेर काढतो एवढंच बघायला इथे येते) ते म्हणतील, पाटी कसली आणि कप्पे कसले? मी दोघांसाठी लिहितोय. तंत्राचा भाग आला की भावकीनं आणि भावकीचा भाग आला की तंत्रवाल्यांनी जरा धीर धरावा. पुढे दोन्ही एकत्र येतात.

आधी पाटी म्हणजे काय ते सांगतो. संगणकावर लिहायला जे लागतं त्याला एडिटर म्हणतात. तुम्ही वापरता ते वर्ड हे त्याचं थोरलं, नटवं भावंड. माझा एडिटर टर्मिनलमधे चालतो, म्हणजे काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. ना चित्रं, ना बटणं. टर्मिनलचा पडदा हा चौकटीच्या वहीसारखा असतो: इतक्या ओळी, इतके रकाने, आणि प्रत्येक घरात एक अक्षर. 1978 साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननं व्हीटी100 नावाचं टर्मिनल बाजारात आणलं, त्याला 24 ओळी आणि 80 रकाने होते. ते यंत्र कधीच भंगारात गेलं. पण आजही लॅपटॉपवर टर्मिनल उघडलं की बऱ्याचदा 80 बाय 24 चंच उघडतं, आणि कर्सर हलवायच्या आज्ञाही बऱ्याचशा त्याच व्हीटी100 च्या. घरातला म्हातारा गेला तरी लाईटबिल त्याच्याच नावानं येत राहतं ना, तसं.

2016 साली साल्वातोरे सान्फिलिप्पो या इटालियन माणसानं (रेडिस लिहिणारा तोच) 'किलो' नावाचा एक एडिटर लिहून सगळ्यांना वाचायला दिला. सी भाषेत, हजार ओळींच्या आत. तो वाचून मी पाटी सुरू केली. विम आहे, ईमॅक्स आहे, मग हे कशाला, असं लोक विचारतात. घरी लोणचं घालणाऱ्या बाईला बाजारात लोणचं मिळतं हे माहीत असतंच की!

असो. कप्प्यांची गरज पडली ती भोकरदनला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भोकरदन हे आमचं गाव, जालना जिल्ह्यातलं, केळना नदीच्या काठावरचं तालुक्याचं ठिकाण. जुनं नाव भोगवर्धन. 1973 साली इथे उत्खनन झालं आणि सातवाहनांच्या काळातल्या वस्तू निघाल्या. म्हणजे या मातीत माणसं दोन हजार वर्षं तरी बांध घालतायत आणि बांधावरून भांडतायत असं समजायला हरकत नाही.

आजी होती तोवर आमच्या शेताच्या वाटणीचा विषय कोणी काढला नाही. ती गेली, वर्षश्राद्ध झालं आणि बाबा नि काका दोघांनी ठरवलं की आता कागद करून टाकायचा. भांडण असं नव्हतं. पण दोघं एकाच ओट्यावर बसून तिसऱ्याशी बोलायचे, इतपत होतं. मी सुटीला महिनाभर घरी होतो, तेव्हा टायपिंगचं काम आपोआप माझ्याकडे आलं. वाटणीपत्राचा मसुदा एकीकडे आणि आजोबांच्या वेळच्या फेरफाराची मी उतरवून घेतलेली नक्कल दुसरीकडे, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर हवं. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट... यातला एक आकडा इकडचा तिकडे झाला तर पुढच्या पिढीला कोर्टाची पायरी.

दोन टर्मिनल शेजारी उघडून काम भागलं असतं असं तुम्ही म्हणाल. टीमक्स तर 2007 पासून आहे. पण मला एकाच मसुद्याचे दोन भागही समोर हवे होते. वर चतुःसीमा लिहिलेली, खाली परिशिष्टात तीच पुन्हा येते. वर बदललं की खाली दिसलं पाहिजे. दोन वेगळे एडिटर एकच फाईल उघडून बसले की जो शेवटी सेव्ह करतो त्याचं खरं, आधीच्याचं पाण्यात. वाटणीपत्राच्या बाबतीत हे चालण्यासारखं नव्हतं.

थोडा इतिहास सांगतो, भावकीनं चहा पिऊन यावं.

बिल जॉयनं 1976 च्या सुमारास बर्कलीत व्हीआय लिहिला, त्याला कप्पे नव्हते. 1985 साली रिचर्ड स्टॉलमनचा ग्नू ईमॅक्स आला, त्याला होते. ब्राम मोलेनार या डच माणसानं विमची पहिली जाहीर आवृत्ती 1991 मधे काढली. विमला कप्पे मिळाले 1994 च्या 3.0 आवृत्तीत, पण फक्त एकाखाली एक. शेजारी-शेजारी उभे कप्पे यायला 2001 मधली 6.0 उजाडली. मधे सात वर्षं गेली! ब्राम 2023 च्या ऑगस्टमधे गेला. विम त्यानं फुकट दिला, आवडलं तर युगांडातल्या मुलांसाठी काही द्या, असं म्हणायचा.

आडवा कप्पा सोपा आणि उभा कप्पा अवघड असतो, कारण टर्मिनलला ओळी कळतात, रकाने नीटसे कळत नाहीत. व्हीटी100 ला 'पाचव्या ओळीपासून बाराव्यापर्यंतचा पट्टा तेवढा वर सरकव' असं सांगता येतं. 'पहिल्या रकान्यापासून चाळिसाव्यापर्यंतचा तेवढा सरकव' असं सांगता येत नाही. त्यामुळे उभ्या कप्प्यात मजकूर एक ओळ वर न्यायचा तर त्या कप्प्यातली प्रत्येक ओळ नव्यानं लिहायची. पूर्ण पडदा म्हणजे 80 गुणिले 24, 1920 घरं. त्या काळच्या 9600 च्या तारेवरून सेकंदाला साधारण 960 अक्षरं जायची, म्हणजे पडदा भरायला दोन सेकंद. आता ही अडचण राहिली नाही, तरी पाटी मागचं चित्र आणि नवं चित्र ताडून पाहते आणि बदललेली घरं तेवढीच पाठवते. नाहीतर पडदा लुकलुकतो आणि डोळे दुखतात.

चला, आता वाटणी.

80 रकान्यांचे दोन सारखे भाग करा. चाळीस-चाळीस? चूक. मधली रेघ कुठे काढणार? तिला एक रकाना लागतो. उरले 79, आणि 79 चे दोन सारखे भाग होत नाहीत. एकाला 39, दुसऱ्याला 40. (तीन भाग मात्र चोख होतात. दोन रेघा गेल्या, उरले 78, प्रत्येकी 26.) म्हणजे दोघांत वाटणी करायची म्हटली की बांध जागा खातो आणि वर एक रकाना उरतो. तो कोणाचा? काहीतरी नियम हवा आणि तो दर वेळी तोच हवा. नाहीतर रेघ आज इथे, उद्या तिथे. मी उरलेला रकाना उजव्याला दिला. कारण विचाराल तर काही नाही. नियम आहे एवढंच.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न होता की वाटणी लिहून कशी ठेवायची. 'डाव्याला 26 रकाने, उजव्याला 53' असं लिहिता येतं. पण टर्मिनलची चौकट तुम्ही ओढून लहान केली की संगणक चालू प्रोग्रामला एक निरोप धाडतो, सिगविंच त्याचं नाव. निरोपाचा अर्थ, जागा बदलली, नवी मोजणी करा. समजा, 80 चे 20 रकाने झाले. रेघ गेली, 19 उरले. 26 ला 53 या प्रमाणात डाव्याला येतात सव्वासहा, म्हणजे सहा. आता चौकट परत मोठी केली. सहाला तेरा या प्रमाणात 79 वाटले तर डाव्याला येतात 25. गेला की नाही एक रकाना? कोणी चोरला नाही, कोणी खाल्ला नाही, नुसत्या मोजणीत गेला. चौकट दहा वेळा लहान-मोठी करा, रेघ स्वतःच्या पायानं चालायला लागते.

यावर उपाय मला फेरफाराच्या नकलेतच दिसला. आजोबांच्या वेळच्या कागदात हिस्सा आण्यात लिहिलाय. आठ आणे म्हणजे निम्मा. जमीन किती ते वेगळं लिहिलेलं, हक्क किती ते वेगळं. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, आणे गेले, पण हिश्श्याच्या भाषेतून ते अजून गेलेले नाहीत. सोळा आणे काम म्हणतोच ना आपण? आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या 192 पै. आणि 192 ही संख्या बघा तरी! तिला दोननं भाग जातो, तीननं जातो, चार, सहा, आठ, बारा, सोळा सगळ्यांनी जातो. शंभर पैसे तिघांत वाटून दाखवा. जुन्या कागदांत तिघांची वाटणी 'पाच आणे चार पै' अशी बिनबोभाट लिहिलेली असते. 64 पै, चोख.

तेव्हा पाटी आता हिस्सा पैमधे लिहून ठेवते (दोनशेवर रकान्यांच्या पडद्याला पै मोठी पडते, म्हणून आत पैचे हजार भाग केलेत) आणि रकाने दर वेळी त्यावरून नव्यानं काढते. चौकट आवळली की सगळे आपापल्या हिश्श्यानं आवळतात. मोठी झाली की प्रत्येकजण होता तिथे परत. दुष्काळात सगळ्यांचं थोडं-थोडं जातं, पण हक्क तेवढाच राहतो.

मग कप्प्यात कप्पा. विममधे तुम्ही काही बदललं नसेल तर नवा कप्पा पाडला की सगळ्यांचा आकार सारखा होऊ लागतो. मला ते पटलं नाही. डावा आणि उजवा असे दोन कप्पे आहेत आणि उजव्याला मधे चिरलं, तर त्याची झळ डाव्याला का? पाटीत ज्याचा कप्पा चिरला त्याच्याच हिश्श्यातून नवा निघतो. डाव्याचे आठ आणे आठच राहतात, उजवीकडच्या दोघांना चार-चार. आतमधे ही सगळी मांडणी झाडासारखी असते, म्हणजे सरळ वंशावळच. थोरल्याला एक मुलगा आणि धाकट्याला दोन, म्हणून नातवंडांत सरसकट तीन भाग करत नाहीत. आधी भावांत, मग ज्याच्या त्याच्या घरात. कप्पा बंद झाला की त्याची जागाही अशीच आधी सख्ख्याकडे जाते, चुलत्याकडे नाही.

रेघ सरकवायची म्हणजे काय, याचा विचार मी सगळ्यात जास्त केला. पडद्यावर नवी जागा कुठून येत नाही. एकाला एक रकाना दिला तो दुसऱ्या कुणाचा तरी गेलेला असतो. प्रश्न एवढाच, की कुणाचा? पाटीचा नियम: रेघेला लागून जे दोन आहेत त्यांचाच हा व्यवहार. शेजाऱ्याकडचं संपलं म्हणून त्याच्या पलीकडच्याला ढकलायचं नाही, रेघ तिथेच थांबते. आणि संपलं म्हणजे किती? विममधे मुळात कप्पा एका रकान्यापर्यंत चेपता येतो. एका रकान्यात माणूस वाचणार काय? मी किमान दहा रकाने ठेवले. सरकारनंही शेवटी हेच केलेलं आहे. 1947 चा तुकडेबंदी कायदा म्हणतो की अमुक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडायचा नाही, त्याला प्रमाणभूत क्षेत्र म्हणतात. 2023 च्या ऑगस्टमधे राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ते जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे असं ठरवलं गेलं. यापेक्षा लहान झालं की ते शेत राहत नाही, कोर्टातला नकाशा होतो.

एका दुपारी मी ओसरीवर बसून हेच तपासत होतो. टर्मिनलला सांगितलं तर तो माऊस कुठे दाबला, कुठे ओढला हेही कळवतो, त्यामुळे रेघ माऊसनंही सरकते. काका मागे येऊन उभे राहिले.

"हे काय करायलास रे?"

"बांध सरकवतोय, काका. तुम्ही बघा सरकवून."

त्यांनी चष्मा लावला, माऊस हातात घेतला आणि रेघ डावीकडे नेली. डावीकडचा मजकूर आक्रसला, उजवीकडचा पसरला. पुन्हा उजवीकडे नेली. किमान हद्दीला रेघ अडली तेव्हा त्यांनी दोन-तीनदा जोर लावून पाहिला.

"पुढं जाईना."

"जाणार नाही. दहा रकाने ठेवावेच लागतात समोरच्याला."

काका हसले. "असं शेतात झालं तर भोकरदनचं कोर्ट बंद पडंल बघ." मग रेघ बरोबर मधे आणून ठेवली, मी मोजून दाखवायच्या आधीच, आणि माऊस खाली ठेवला.

आता तंत्रवाल्यांसाठी एक खास मराठी अडचण. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक घर, विषय संपला. 'स्त्री' या शब्दात युनिकोडचे सहा संकेतांक असतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. आपल्या दृष्टीनं ते एकच अक्षर. टर्मिनलमधे घरं किती? प्रचलित साध्या नियमानं मोजलं तर व्यंजनाला एक, हलन्ताला शून्य, ईकाराला एक, म्हणजे चार. पण अक्षर जोडून काढणारं टर्मिनल त्याहून कमी जागेत काढू शकतं. एडिटरची मोजणी वेगळी आणि टर्मिनलची वेगळी. पडद्यावर एकच कप्पा असतो तेव्हा हे खपून जातं, ओळीचा शेवट जरा मागे-पुढे एवढंच. पण शेजारी दुसरा कप्पा आला की डावीकडच्या प्रत्येक ओळीत जेवढी जोडाक्षरं तेवढी रेघ हलते. 'क्षेत्र', 'चतुःसीमा', 'पश्चिमेस' असल्या शब्दांनी भरलेल्या वाटणीपत्रात रेघ नागमोडी होऊन ओढ्यासारखी वाहायला लागली!

यावर उपाय असा, की डावीकडची ओळ किती लांब झाली याचा हिशेबच मधे आणायचा नाही. मोकळी जागा भरत-भरत रेघेपर्यंत जायचं नाही. आधी ओळीची जागा पुसायची, मजकूर लिहायचा, आणि मग टर्मिनलला थेट सांगायचं, 'आता सातव्या ओळीच्या चाळिसाव्या रकान्यात जा', आणि तिथे रेघ काढायची. मोजणीदार मागच्या शेतापासून पावलं मोजत येत नाही, हद्दीच्या खुणेपासून मोजतो, तसं. मजकूर काही का गोंधळ घालेना, बांध सरळ.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते खरी गोष्ट.

कप्पा म्हणजे मजकूर नव्हे. कप्पा म्हणजे मजकुराकडे बघायची जागा. ईमॅक्स आणि विम दोघांनीही हे वेगळं ठेवलंय. मजकूर एकीकडे, त्याला बफर म्हणतात. त्याच्याकडे बघणारे कप्पे कितीही असू शकतात. मी पाटीत हे केलं तेव्हा रेघा काढण्यापेक्षा कितीतरी जास्त काम यात निघालं. एका कप्प्यात वर दोन ओळी घातल्या तर दुसऱ्या कप्प्यातला कर्सर दोन ओळी खाली न्यावा लागतो, नाहीतर तो ज्या शब्दावर होता तिथून आपोआप हलतो. एकानं परिच्छेद पुसला आणि दुसऱ्याचा कर्सर नेमका त्याच परिच्छेदात असेल तर त्याला उचलून जवळच्या जागी ठेवावं लागतं. एकानं कप्पा बंद केला तरी दुसरा कोणी बघतोय तोवर मजकूर सोडून द्यायचा नाही. वाटे पाडणं अर्ध्या दिवसाचं काम होतं. सामाईक राहिलेलं सांभाळायला दोन आठवडे लागले.

आमच्या वाटणीचंही तेच झालं. जमिनीवर फार वेळ गेला नाही. बाबांनी रेघ सुचवली, कोणता वाटा घ्यायचा ते काकांनी आधी निवडलं. अडलं ते विहिरीवर. विहीर काकांच्या वाट्यात आलेली, पाणी दोघांना लागणार. कागदात 'सामाईक' लिहायला कोणाचीच हरकत नव्हती, पण पाळी कशी? एक आठवडा बाबा, एक आठवडा काका, असं ठरत आलं होतं. मी टाईपसुद्धा करायला घेतलं. तेवढ्यात काकू चहाचे कप उचलता-उचलता म्हणाली, "म्हणजे आम्ही कायम रात्रीच पाणी धरायचं का?" सगळे गप्प. आमच्याकडे शेतीची लाईट तेव्हा एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी येत होती. पाळीही आठवड्याची आणि लाईटही आठवड्याची! ज्याला पहिला दिवसाचा आठवडा मिळेल त्याला जन्मभर दिवसाचाच मिळणार आणि दुसऱ्यानं अंधारात विंचूकाट्यात पाणी धरायचं. कागदावर आठ-आठ आणे बरोबर, आणि प्रत्यक्षात हे.

मग वार लावायचं ठरलं. वार ठरलेले असले की लाईट आठवड्यानं बदलली तरी दोघांनाही दिवस आणि रात्र सारखीच. पण वार सात. तीन बाबांचे, तीन काकांचे, आणि एक उरला. पुन्हा तेच, 79 रकाने!

इथे आत्याचं सांगायला हवं. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, त्यामुळे खरं म्हणजे वाटणी तिघांची, पाच आणे चार पै. आत्यानं हक्कसोड पत्र द्यायचं कबूल केलं होतं, कोणी मागायच्या आधीच. तेही मीच टाईप केलं. तिनं सोडलं म्हणून आमचे दोन वाटे एवढे ऐसपैस झाले, हे आम्हा पुढच्या लोकांना लक्षात ठेवावं लागेल. ती त्या दिवशी सिल्लोडहून आली होती आणि इतका वेळ काही बोलली नव्हती.

"जमीन सोडली मी," ती म्हणाली. "विहीर सोडली नाही. रविवार माझा लिहा."

"तू काय करणार पाणी?" बाबा म्हणाले.

"मी काही करणार नाही. ज्याला लागंल त्यानं मला फोन करावा. मी सांगीन कोणी घ्यायचं ते."

हक्कसोड पत्रात विहिरीपुरता अपवाद घातला आणि वाटणीपत्रात विहिरीचं कलम पुन्हा लिहिलं. वरच्या कप्प्यात कलम, खालच्या कप्प्यात परिशिष्ट, वर 'रविवार' लिहिलं की खाली दिसलं. नोंदणी झाली, मोजणी झाली, दगड रोवले.

पाटीत कप्प्यांची आपसात अदलाबदल करायची सोय अजून व्हायची आहे. ती पुढच्या सुटीत. आत्याला गव्हाच्या वेळी एकाच रविवारसाठी दोघांचेही फोन आले असं कळलं. तिनं काय निकाल दिला ते मला कोणी सांगितलं नाही. आई म्हणाली, त्या रविवारी रात्री बाबा शेतातून घरी आले ते काकांच्या गाडीवर मागे बसून.